पोस्ट तीनवरून दिसलेलं खोकड

एकोणीसशे सत्त्याऐंशीच्या मार्चमध्ये आमच्या पलटणीच्या दोन कंपन्या फील्ड फायरिंगसाठी धुळे जिल्ह्यात आल्या. साक्रीच्या बाजूला डोंगराच्या पायथ्याशी मोठा गवताळ माळ आहे. आसपासच्या गावांत दवंडी देऊन तो माळ बारा दिवस बंद केला होता. मी हवालदार होतो. नोकरीला सतरा वर्षं झाली होती. माझं गाव अमळनेर तालुक्यात. सतरा वर्षांत जम्मू पाहिलं, नागालँड पाहिलं, राजस्थान पाहिलं, पण वर्दी घालून खान्देशात पहिल्यांदाच उतरत होतो. ट्रक थांबला तेव्हा रस्त्याकडेचा एक म्हातारा दुसऱ्याला आमच्या अहिराणीत विचारत होता, हे सगळे फौजी कुठून आले म्हणून, "या बठ्ठा फौजी कथाईन उनात रे?"

मी ट्रकमधूनच म्हणालो, "मी ते आठलाच शे, बाबा."

म्हातारा हसला. "मंग खाले उतर ना. चहा पी."

त्या बारा दिवसांतल्या नवव्या दिवसाबद्दल चौकशीत मी खोटं सांगितलं. ते आज दुरुस्त करायचं आहे. पण आधी त्याच्या अगोदरचे आठ दिवस सांगतो. ते दिवस चांगले होते, आणि त्यांच्याशिवाय नववा दिवस कळणार नाही.

फील्ड फायरिंग म्हणजे खऱ्या दारूगोळ्याचा सराव. समोरच्या उतारावर चुन्याने रंगवलेले दगड आणि जुने पत्रे हे आमचे निशाणे. मागे दीड किलोमीटरवर मॉर्टार, म्हणजे उखळी तोफा. गोळा जिथे पडू शकतो तो सगळा भाग नकाशावर लाल रेघेने आखतात. फायरिंगच्या वेळी त्या हद्दीत माणूस किंवा गुरं असता कामा नये. ते पाहायला चार बाजूंना चार पोस्ट. प्रत्येक पोस्टवर लाल झेंडा, दुर्बीण, वायरलेस सेट आणि फील्ड टेलिफोन. चारही पोस्टनी कंट्रोलला, म्हणजे फायरिंग चालवणाऱ्या ठाण्याला, 'रेंज क्लियर' म्हटल्याशिवाय गोळा सुटत नाही. काही हलताना दिसलं की पोस्टवाल्याने 'चेक फायर' म्हणायचं. मग सगळं थांबतं, एक टोळी जाऊन तो भाग पायी पाहून येते, आणि पुन्हा सुरू.

पोस्ट तीन माझी. टेकडीच्या धारेवर एका पळसाखाली होती. खाली एक कोरडा नाला, नाल्यापलीकडे निशाण्यांचा उतार. पळस फुललेला होता. सकाळी झेंड्याचं कापड आणि पळसाची फुलं लांबून वेगळी ओळखू येत नाहीत, अशी तक्रार शेजारच्या पोस्टने केली होती.

माझ्यासोबत कंपनीचा सिग्नलर होता, लान्स नाईक सुभाष तोताराम तायडे. वय सव्वीस. गाव सावद्याजवळ. वडील केळीच्या बागांत कापणीला जायचे. घर बौद्ध वस्तीतलं. मोठी बहीण शांता अंगणवाडीत होती, तिनेच याला दहावीपर्यंत ओढून नेलं होतं. तायडे सडपातळ, सावळा, हाताचा फार नेटका. तारेचा जोड दिल्यावर त्यावर टेप इतकी सारखी गुंडाळायचा की जोड बोटाला लागायचा नाही. लोकांत आणि कामात मला 'उस्ताद' म्हणे, एरवी आम्ही दोघंच असलो की 'भाऊ'.

आम्ही दोघे जळगाव जिल्ह्याचे, पण बोली वेगळ्या. मी घरच्या बोलीत बोलायला लागलो की तो डोक्याला हात लावायचा.

"भाऊ, तुमचं हे शे-शे आयकलं की मले शेळ्या हाकल्यावानी वाटते."

"आणि तुमचं मले-तुले? जसं काही मागतच आहात."

"मागतो कायले? आमच्याकडं केळी आहे. तुमच्याकडं काय, सरकी?"

केळ्यांचं तो खरंच बोलायचा. सुटीवरून येताना एक अख्खा घड पोत्यात बांधून आणला होता. तंबूत गवतात दाबून ठेवला, पिकला तसा रोज संध्याकाळी मोजून वाटला. सुभेदार साहेबांना दोन, बाकी सगळ्यांना एक.

खोकड पहिल्यांदा दिसलं दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. कोल्ह्यापेक्षा बरंच लहान, मोठ्या मांजरापेक्षा थोडं मोठं. अंग करडं, पाय बारीक, कान उभे. शेपूट अंगाच्या मानाने भलतं जाड, आणि टोकाला काळं, शाईत बुडवल्यासारखं. दिवसभर बिळात असतं. ऊन उतरलं की बाहेर येतं. उंदीर, सरडे, नाकतोडे खातं. नाल्याच्या तोंडाशी त्यांचं बीळ होतं, तीन-चार तोंडांचं. मादीला पिल्लं होती. चौथ्या दिवशी चारही पिल्लं बाहेर येऊन एकमेकांच्या शेपट्या ओढताना दिसली. तायडे दुर्बीण सोडेना.

"ती पाहा, मास्तरीण आली."

"कोण मास्तरीण?"

"मादी. पाहा ना, बाहेर आली की आधी एकेकाकडं पाह्यते. हजेरी घेते."

तेव्हापासून ती मास्तरीण. एकदा त्याने बिळापासून लांब, एका दगडावर केळं सोलून ठेवलं. मास्तरीण आली, वास घेतला, निघून गेली. मी म्हणालो, "आमच्याकडचं खोकड आहे. भाकरी ठेव." दुसऱ्या दिवशी भाकरी ठेवली. तीही तशीच राहिली. मुंग्यांनी नेली. तायडे म्हणाला, "दोघंही हरलो, भाऊ."

सुभेदार साहेब साताऱ्याकडचे. कडक माणूस. पाचव्या दिवशी सकाळी त्यांची चामड्याची एक चप्पल तंबूच्या दारातून गेली. साहेबांनी सगळी कंपनी उभी केली. "कुणाचा चावटपणा हाय ह्यो?" दुपारी टोळीला ती नाल्याजवळ सापडली. पट्टा चावून साफ. साहेबांनी ती हातात धरून बराच वेळ पाहिली आणि म्हणाले, "पट्टा तेवढा खाल्ला. तळवा ठेवला. म्हंजे शिस्तीचं जनावर हाय." तेव्हापासून ते एका पायात चप्पल आणि एका पायात कॅनव्हासचा बूट घालून तंबूभोवती फिरले. हसायची कुणाची हिंमत नव्हती. सगळे हसले.

माळाच्या कडेला ठेलारी मेंढपाळांचे वाडे होते. त्यातला एक म्हातारा, त्याला सगळे आबा म्हणत, हद्दीच्या रेघेपर्यंत येऊन उभा राहायचा. गोळे कुठे पडतात ते विचारायचा, म्हणजे मेंढरं कुठे न्यायची ते कळे. मी त्याच्याशी अहिराणीत बोलायचो, म्हणून तो माझ्याकडेच यायचा. एकदा मी त्याला खोकड दाखवलं. तो म्हणाला, "भाऊ, एक सांगू? खोकड गवतमा गयं ते गवत हालत नही. पानी जास तसं जास ते. गवत हालनं ते समज, दुसरं काही शे."

मी ऐकलं. मान हलवली.

माझा त्रास वेगळाच होता. संध्याकाळचं फायरिंग शेवटच्या उजेडात असायचं. खोकडं नेमकी त्याच वेळी बाहेर पडायची. तिसऱ्या दिवशी नाल्याजवळ काहीतरी पळालं, मी चेक फायर दिला. टोळी गेली, पंचवीस मिनिटं गेली, उजेड गेला. खोकड निघालं. पाचव्या दिवशी तेच. सातव्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या वेळी रेंज सेफ्टीचे कॅप्टन साहेब संध्याकाळी पोस्टवर आले. तरुण अधिकारी, रागावतानाही आवाज चढत नसे.

"हवालदार, प्राण्यासाठी फायरिंग थांबवायचं नसतं. माणूस आणि गुरं, बस. खोकड असेल तर खोकड म्हणा. चेक फायर म्हणू नका."

"येस सर."

"आणि खोकडाला माझा रामराम सांगा."

त्या रात्री लंगरच्या रांगेत मला 'खोकड हवालदार' नाव पडलं. जेवण वाढणारा म्हणाला, "हवालदार साहेब, वरण देऊ, का उंदीर?" मी हसलो. पण सतरा वर्षांच्या नोकरीत माझ्या नावाला असं काही चिकटलं नव्हतं. मला ते लागलं. हे लिहायला हवं, कारण दोन दिवसांनी मी जे बोललो त्यात याचा वाटा आहे.

आता टेलिफोनच्या तारेबद्दल. पोस्ट तीन ते कंट्रोल ही लाईन पहिल्या दिवशी मी आणि तायडेने टाकली. नियम असा, की लाईन लाल हद्दीतून जाता कामा नये. म्हणजे टेकडीच्या धारेवरून, रिजवरून, वळसा घालून न्यायला हवी होती. नाल्यातून गेलं तर निम्मं अंतर. ऊन कडक होतं. तारेचे ड्रम दोनच होते, तिसरा आणायला परत जावं लागलं असतं.

तायडे म्हणाला, "उस्ताद, रिजवरून नेऊ. नाला हद्दीत आहे."

मी म्हणालो, "फायरिंगच्या वेळी तिथे कोण जाणार आहे? तार आहे ती, माणूस नाही. टाक नाल्यातून."

त्याने टाकली. लाईन कुठून गेली त्याच्या स्केचवर मी ती रिजवरून दाखवली. सुभेदार साहेबांनी माझ्यावर विश्वास ठेवून सही केली.

नवव्या दिवशी शेवटच्या उजेडातलं फायरिंग १८४५ ला, म्हणजे संध्याकाळी पावणेसातला, सुरू व्हायचं होतं. १८०५ ला मी टेलिफोनचं हँडल फिरवलं. पलीकडून काही नाही. पुन्हा फिरवलं. लाईन मेलेली. वायरलेस चालू होता, पण फायरिंगच्या वेळी दोन्ही चालू लागत.

तायडे म्हणाला, "मास्तरीण. चप्पल झाली, आता तार."

मी म्हणालो, "जाऊन बघ. तुटलेलं जोड आणि वर ये. फायरिंग १८४५ ला आहे. १८३५ ला तू मला इथे पाहिजेस."

"कंट्रोलले सांगू का, मी उतरतो म्हणून?"

"नको. कुठे उतरतोय म्हणून विचारतील. मग स्केच काढतील. वायरलेस मी सांभाळतो."

त्याने पक्कड, टेप आणि टेस्टिंगचा फोन घेतला आणि उतरला. वेळ १८१०. पोस्टवर मी एकटा.

१८३२ ला फोन वाजला.

"उस्ताद, लाईन ओके. दोन ठिकाणी चावली होती. कंट्रोलही बोलला."

"निघ लवकर."

"निघतोच."

त्याचं ते शेवटचं बोलणं.

नाल्यातून पोस्टवर चढायला बारा मिनिटं लागत. वाट टेकडीच्या मागून होती, पोस्टवरून दिसत नसे. १८४० ला मी मागे वळून हाक मारली. उत्तर नाही. चढाला लागला असेल, दम लागला असेल, असं मनाशी म्हणालो. १८४४ ला कंट्रोलवरून वायरलेस आला. एक, दोन आणि चार या पोस्टनी रेंज क्लियर दिलं होतं.

"पोस्ट थ्री, रिपोर्ट. ओव्हर."

मी दुर्बीण लावली. उतारावर अजून उजेड होता, नाल्यात अंधार उतरत होता. नाल्याच्या तोंडाशी गवत हललं. थांबलं. पुन्हा हललं. खाली, जमिनीलगत काहीतरी करडं होतं. मला वाटलं, मास्तरीण. चेक फायर म्हणायला मी तोंड उघडलं होतं. मग लंगरची रांग आठवली.

"पोस्ट थ्री. नाल्याच्या तोंडाशी हालचाल. खोकड आहे. ओव्हर."

"कन्फर्म खोकड? ओव्हर."

"कन्फर्म. रेंज क्लियर. ओव्हर."

सेटवर कुणीतरी हसल्याचं ऐकू आलं. मीही हसलो.

पहिला गोळा १८४६ ला सुटला. मॉर्टारचा पहिला गोळा पुष्कळदा आखूड किंवा लांब पडतो. म्हणूनच हद्द एवढी मोठी आखतात. हा आखूड पडला, निशाण्यापासून तीनशे मीटर अलीकडे, नाल्याच्या तोंडाशी. पुढचे गोळे उतारावर गेले. १८५७ ला फायरिंग संपलं. तोपर्यंत मी तीन वेळा मागे वळून हाक मारली होती. चेक फायर मी दिला नाही. दिला असता तर का दिला ते सांगावं लागलं असतं. डॉक्टर नंतर म्हणाले, पहिल्याच गोळ्यात सगळं झालं होतं, पुढच्यांनी काही फरक पडला नाही. पण १८४६ ते १८५७ मला ते माहीत नव्हतं.

१८५८ ला मी कंट्रोलला सांगितलं, तायडे लाईन दुरुस्तीला गेला होता, अजून परत नाही. टॉर्च घेऊन टोळी निघाली. मी टेकडीवरून उतरलो. १९२५ ला तो सापडला. पालथा पडला होता. पक्कड खिशात होती. दोन्ही तळहातांना माती होती. बिळापासून चाळीस पावलं. बिळातून पिल्लांचा बारीक आवाज येत होता. त्याला स्ट्रेचरवर घेतलं आणि सगळे वर गेले.

चौकशी दुसऱ्या दिवशी बसणार होती. सकाळी पोस्ट तीनची लाईन गुंडाळून आणण्याचा हुकूम मलाच मिळाला. नाल्यात उजेडात मी काय पाहिलं ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. जिथे तार चावली होती तिथून बिळाच्या पलीकडपर्यंत तायडेने जमीन पकडीच्या टोकाने उकरून तार आत दाबली होती आणि वरून चपटे दगड लावले होते, एकाला एक चिकटून, त्याच्या टेपसारखे. पुन्हा चावू नये म्हणून. गोळा पडला तिथे ओळ संपत होती. लाईन ओके झाल्यावर तो चौदा मिनिटं हेच करत होता. त्याला १८४५ ची वेळ माहीत होती. तरी थांबला. मला वाटतं, त्याला भरवसा होता. तो खाली आहे हे वर बसलेल्या माणसाला ठाऊक होतं, तो आल्याशिवाय मी रेंज क्लियर देणार नाही, असं तो धरून चालला असेल. धरून चालावं अशीच ती गोष्ट होती.

मी दगड उचलले आणि नाल्यात इकडेतिकडे फेकले. तार गुंडाळली.

सुभेदार साहेब टेकडीखाली उभे होते. एका पायात बूट, एका पायात चप्पल.

"लाईन कुठनं होती?"

"रिजवरून, साहेब."

त्यांनी ड्रमकडे पाहिलं. ड्रमवर किती तार आहे ते त्यांच्यासारख्याला एका नजरेत कळतं. "बरं," म्हणाले आणि गेले.

चौकशीत मला तीन प्रश्न विचारले. तायडे कुठे गेला होता? रिजवर लाईन दुरुस्तीला. मग नाल्यात कसा? माहीत नाही, सर. त्याला खोकडाच्या पिल्लांची आवड होती? मी म्हणालो, "होय सर. त्याला वेडच होतं." हे वाक्य खरं होतं. म्हणूनच ते सगळ्यांना पटलं. कागदावर लिहिलं गेलं, की लान्स नाईक तायडे पोस्टला न कळवता, स्वतःच्या मर्जीने धोक्याच्या हद्दीत शिरला. मृत्यू स्वतःच्या निष्काळजीपणामुळे. मला रेंज सेंट्री म्हणून समज देण्यात आली. पाच वर्षांनी मी नायब सुभेदार होऊन निवृत्त झालो.

जळगाव जिल्ह्याचा म्हणून त्याला घरी पोचवायला मलाच पाठवलं. साक्रीहून सावदा, ट्रकने अख्खी रात्र. गावात पोचलो तेव्हा उजाडलं होतं. बहिणीने मला बाजूला घेतलं. रडत नव्हती.

"भाऊ, तुमी सोबत होते ना? काय झालं?"

मी म्हणालो, "खोकडाची पिल्लं पाहायला गेला होता."

चौकशीचा कागद त्या घरात दोन महिन्यांनी पोचला असेल. पण त्याआधीच गावाला मी ते सांगून बसलो होतो. पुढे ते गावाबाहेरही गेलं. नव्वदच्या दशकात एकदा फैजपूरच्या स्टँडवर एसटीची वाट पाहत होतो. शेजारी दोन माणसं. एक म्हणाला, "सावद्याकडचा एक फौजी होता म्हणे, खोकडाच्या पिल्लापायी मेला." दुसरा म्हणाला, "सरकारचा पगार खाऊन?" आणि हसला. बस आली. मी चढलो. शाळेच्या भिंतीवर गावच्या जवानांची नावं रंगवली तेव्हा सुभाषचं नाव घातलं नाही, हेही मला एका नातेवाइकाकडून कळलं. तो लढाईत गेला नव्हता, हे खरं. पण नाव गाळण्याचं कारण ते नव्हतं. कारण मी दिलेलं होतं.

गेल्या वर्षी सुभेदार साहेब वारले. कॅप्टन साहेब त्याआधीच गेले. चौकशीतलं आता मी सोडून कुणी उरलेलं नाही. माझं वय पंचाहत्तरीला आलं. पाऊस संपल्यावर मी सावद्याला गेलो.

शांताअक्का ओट्यावर बसली होती. केस पांढरे, चष्मा जाड. मी नाव सांगितलं, निंबा पाटील. तिने ओळखलं. आत बुद्धाच्या तसबिरीसमोर खुर्ची ठेवली, पाणी आणून दिलं. मी पाणी प्यालो आणि सगळं सांगितलं. लाईन, स्केच, दगड. तिने मधे एकदाही थांबवलं नाही. संपल्यावर तिने पदर बोटाला गुंडाळला.

"माय जाईस्तोवर एकच म्हणे," ती म्हणाली, "माह्या पोराले कामाची शुद्ध नव्हती. मीही तेच मानलं."

"अक्का, त्याच्याइतकी कामाची शुद्ध कुणाला नव्हती."

"ते मले आता सांगू नको." मग म्हणाली, "तू हे आधी सांगतलं असतं, तं पाणी नसतं देलं मी तुले."

मी उठलो. ती दारापर्यंत आली.

"बोलणं वाऱ्यावर जाते. लिहून आण. मले वाचता येते."

मी लिहिलं. एक प्रत सही करून पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसला पाठवली. उत्तर अजून नाही. दुसरी प्रत अक्काकडे नेली. तिने ओट्यावरच बसून वाचली. अक्षराला बोट लावून, सावकाश. ऊन ओट्यावरून खाली अंगणात गेलं तेव्हा शेवटचं पान झालं. मग तिने मागची पानं उलटली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. मी लिहिलं होतं, 'सहा दहाला तायडे लाईन बघायला नाल्यात उतरला.'

"कोणी धाडलं, ते कुठी आहे?"

ते नव्हतं. लिहायला बसूनही मी ते टाळलं होतं. पेन तिनेच आणून दिलं. मी ती ओळ खोडली आणि तिच्यासमोर नवी लिहिली. तिने पुन्हा वाचली, कागद घडी करून ठेवले. त्या दिवशीही तिने मला पाणी विचारलं नाही. मी मागितलं नाही.

ती सुधारलेली नोंद अशी आहे. लान्स नाईक सुभाष तोताराम तायडे, सिग्नलर, वय सव्वीस. १८१० वाजता हवालदार निंबा दौलत पाटील याने त्याला लाल हद्दीत पाठवलं. १८३२ वाजता त्याने लाईन सुरू केली. १८४४ वाजता हवालदार पाटील याने गवत हलताना पाहिलं आणि रेंज क्लियर दिलं. तायडे त्या वेळी ड्यूटीवर होता.